बी.एड. कॉलेज निवडताना: माझी दोन वर्षं आणि मागच्या बाकावर बसलेल्या बाई

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत, कॉम्प्युटर लॅब आणि गॅदरिंगचे फोटो बघण्यात फार वेळ घालवू नका. ऑफिसात सरळ दोन गोष्टी विचारा. इंटर्नशिपला कुठल्या शाळा देता? आणि तिथं आम्ही शिकवत असताना पाठ बघायला वर्गात मागं कोण बसतं? पहिल्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं. दुसऱ्याचं मिळालं नाही तर अजून एक-दोन कॉलेजं बघून घ्या.

आमच्या भागातल्या मुली हल्ली फोन करतात, ‘ताई, बी.एड. करू काय? कुठं घालू अर्ज?’ फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात गणित-भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि तिथंच एका खासगी कॉलेजात बी.एड. केलं. कॉलेजचं नाव घालत नाही. ज्या तक्रारी पुढं येतील त्या त्या एकट्या कॉलेजच्या नाहीत. माझ्या मैत्रिणी दुसऱ्या कॉलेजांत होत्या, त्यांच्याकडूनही मी हेच ऐकलंय.

आधी आपण कशासाठी पैसे भरतोय ते कळू दे. पूर्वी बी.एड. एका वर्षाचं होतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचं झालं आणि २०१५ पासून तसंच चालू आहे. त्या नियमांप्रमाणे किमान २० आठवडे शाळेत काढायचे असतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. बाकीचा वेळ मानसशास्त्र, मूल्यमापन, अध्यापन पद्धती, असाइनमेंट आणि सेमिस्टरच्या परीक्षा. बेळगाव भागातली कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे पेपर सगळ्यांना सारखेच. कॉलेज-कॉलेजात जो फरक पडतो तो या २० आठवड्यांत पडतो. म्हणून मी त्यावरच जास्त लिहिणार आहे.

सुरुवात सूक्ष्म अध्यापनानं होते, आणि ते आमच्या कॉलेजनं मनापासून करून घेतलं, हे आधी सांगायला पाहिजे. सहा मिनिटांचा पाठ. समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच वर्गातल्या मुली बसलेल्या. एका वेळी एकच कौशल्य: आज फक्त प्रश्न विचारायचे, उद्या फक्त फलक लेखन, परवा फक्त दृष्टांत. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं सूचना ऐका, बारा मिनिटांत पाठ परत आखा, परत सहा मिनिटं शिकवा, परत सहा मिनिटं सूचना. छत्तीस मिनिटांचं चक्र. १९६३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली असं आम्हाला शिकवलं. माझं फळ्यावरचं अक्षर उजवीकडे चढत जायचं. आमच्या मॅडमनी मला कॉलेज सुटल्यावर तीन दिवस रोज दहा ओळी लिहायला लावल्या आणि स्वतः शेवटच्या बाकाजवळ उभं राहून वाचून बघितल्या. आज माझ्या फळ्यावरची ओळ सरळ जाते ती त्या तीन संध्याकाळींमुळे. याचे पूर्ण मार्क मी कॉलेजला देते.

आता तक्रार. आपल्या सीमाभागातल्या मुलींनी ही नीट वाचा. आमच्या वर्गात कन्नड, मराठी आणि इंग्रजी, तिन्ही माध्यमांत पाठ देणारे होते. मराठी पाठांच्या निरीक्षणाला कधीकधी ज्यांना मराठी जेमतेम समजतं असे प्राध्यापक यायचे. त्यांनी माझ्या वहीत काय लिहिलं? ‘आवाज स्पष्ट. फलक लेखन चांगले. शैक्षणिक साधनांचा वापर केला.’ सलग पाच पाठांना हेच शेरे. पाठात मी एक व्याख्या चुकीची सांगितली होती. ती कोणी धरली नाही. घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा मलाच कळलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. खऱ्या वर्गात हीच चूक पोरांच्या वहीत उतरली असती. ते प्राध्यापक माणूस म्हणून चांगले होते, कन्नड पाठांना त्यांनी दिलेल्या सूचना बारीक असायच्या. पण मराठी पाठाला मराठी कळणारा निरीक्षक देणं हे कॉलेजचं काम होतं. प्रवेश घेण्याआधी विचारा: गणिताची, विज्ञानाची, समाजशास्त्राची पद्धती मराठीतून बघणारं कोणी आहे काय?

दुसरी तक्रार पाठ टाचणांची, म्हणजे पाठ कसा घ्यायचा ते आधी लिहून काढतो त्याची. झेरॉक्सच्या दुकानांत तयार टाचणांचे गठ्ठे मिळतात. कॉलेजात संख्या मोजतात, किती पाठ झाले, किती सह्या झाल्या. मग मुलं तेच उतरवून काढतात. मीही पहिली चार टाचणं तशीच उतरवली. त्यात डाव्या बाजूला शिक्षक कृती आणि उजव्या बाजूला विद्यार्थी कृती अशी चौकट असते. उजवीकडे प्रत्येक प्रश्नासमोर बरोबर उत्तर आधीच छापलेलं. पोरं ते उत्तर देणार असं धरूनच पुढचा प्रश्न लिहिलेला. खऱ्या वर्गात पहिल्याच प्रश्नाला एक मुलगा वेगळं काहीतरी बोलला आणि माझ्याकडे पुढं न्यायला काहीच नव्हतं. त्या दिवसापासून झेरॉक्स बंद.

पहिल्या वर्षाच्या ४ आठवड्यांबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. शहरातलं हायस्कूल होतं. आम्ही तास बघितले, पेपर तपासले, गैरहजर शिक्षकांचे तास सांभाळले.

दुसऱ्या वर्षीचे १६ आठवडे मी मुद्दाम मागून घेतले ते खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीच्या रस्त्यावरच्या एका सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेत. मैत्रिणी म्हणाल्या, एवढ्या लांब कशाला, बेळगावातच घे की. बसभाड्याचा प्रश्न नव्हता. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना चालू झाली, आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रकमेचं तिकीट फाडून देतो. वेळेचा प्रश्न मात्र होता. सकाळची बस चुकली तर परिपाठ चुकला. ऑगस्टमध्ये सुरुवात झाली. त्या बाजूचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. कौलांवर पाऊस कोसळायला लागला की दुसऱ्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही. सूक्ष्म अध्यापनात ‘आवाज स्पष्ट’ असा शेरा मिळवलेली मी तिथं पहिल्या आठवड्यातच घसा बसवून घेतला. तिथल्या बाईंनी सांगितलं, ‘अगं, पाऊस मोठा झाला की ओरडायचं नाही. फळ्यावर गणित घालायचं आणि बाकाबाकावर फिरायचं.’

या बाई माझ्या मार्गदर्शक शिक्षिका. नोकरीची पंचवीसेक वर्षं झालेल्या, गणित आणि विज्ञान घेणाऱ्या. माझ्या दोन वर्षांतलं सगळ्यात मोलाचं जे काही आहे ते त्यांच्या एका शंभर पानी वहीत आहे.

पहिल्या पाठाला त्या सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर पोरांच्यात जाऊन बसल्या. २४ पोरं. मी तयारीनं गेले होते, तक्ता होता, प्रश्न होते, पोरं उत्तरं देत होती, मला वाटलं पाठ छान झाला. मधल्या सुट्टीत त्यांनी वही उघडून दाखवली. शेरा एकही नव्हता. वर्गाचा नकाशा होता, बाक काढलेले, प्रत्येक बाकावर तीन-तीन गोल. मी ज्या पोराला प्रश्न विचारला त्याच्या गोलात एक टिंब. मी एकूण २७ प्रश्न विचारले होते. १९ टिंबं पहिल्या दोन बाकांवर. खिडकीकडच्या मागच्या दोन बाकांवर एकही नाही. कडेला एक वेगळी रांग होती, तिच्यावर लिहिलेलं: ‘उत्तर बाईंनीच दिलं – ११.’ इथं बाई म्हणजे मी.

मी काही बोलू शकले नाही. त्या म्हणाल्या, ‘वाईट वाटून घेऊ नको. मला हे कळायला दहा वर्षं गेली. माझ्या मागं कोणी बसलंच नव्हतं.’

कॉलेजात मानसशास्त्राच्या पेपरला मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंचं काम आम्ही पाठ केलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी पोरं बोलायला लागतात. मी परीक्षेत ते लिहून मार्कही घेतले होते. पण ते माझ्याबद्दल आहे हे त्या ११ च्या आकड्यानं दाखवलं. तेव्हापासून प्रश्न विचारला की मी मनात ‘एक बेळगाव, दोन बेळगाव, तीन बेळगाव’ म्हणायला लागले. सुरुवातीला ती शांतता सहन होत नाही. हात आपोआप खडूकडे जातो. तिसऱ्या आठवड्यात मागच्या खिडकीजवळच्या मुलानं पहिल्यांदा तोंड उघडलं. उत्तर चुकीचं होतं. मला त्याचा किती आनंद झाला ते लिहून सांगता येत नाही.

आता तो अपूर्णांकांचा पाठ सांगते, कारण पुढं मी जी काही शिक्षिका झाले ती त्या पाठात झाले असं मला वाटतं.

सहावीला अपूर्णांकांची बेरीज. मी बेळगावच्या गणपत गल्लीतून तयार तक्ता आणला होता, रंगीत वर्तुळं, त्यांचे अर्धे-पाव भाग. पोरांनी तक्ता बघितला, ‘हो बाई’ म्हणाली. फळ्यावर एक-द्वितीयांश अधिक एक-चतुर्थांश घातलं आणि वहीत सोडवायला सांगितलं. २४ पैकी १५ जणांनी लिहिलं: दोन-षष्ठांश. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि चार सहा. मी छेद सारखे करायची रीत परत सांगितली. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही.

बाई म्हणाल्या, ‘तक्ता गुंडाळून ठेव. घरात भात कशानं मोजतात ते पोरांना विचार.’

आमच्याकडे अजून कितीतरी घरांत धान्याची जुनी मापं आहेत. विचारल्यावर हात वर झाले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आजीकडून शेर, मापटं आणि चिपटं जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून घेऊन आली. आजीनं बजावून पाठवलं होतं, ‘पडायचं न्हाई, माझ्या सासूचं हाय.’ मुलीनं ते गाठोडं दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. कोणी शेजारच्या घरातून पिशवीभर तांदूळ आणले. मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. एकेका पोराला बोलावलं. दोन चिपटी ओतली, मापटं भरलं. दोन मापटी ओतली, शेर भरला. माप घालताना वर बोटानं सपाट करायची सवय त्यांना घरूनच होती, ती मला शिकवावी लागली नाही. चिपटं म्हणजे शेराचा कितवा भाग? चार चिपट्यांनी भरतो, म्हणजे पाव. मापटं म्हणजे? अर्धा.

मग मी विचारलं, ‘रिकाम्या शेरात एक मापटं आणि एक चिपटं ओतलं तर किती?’ आणि थांबले. एक बेळगाव, दोन बेळगाव. खिडकीजवळचाच तो मुलगा उठला. ‘पाऊण शेर की बाई.’

पाऊण. हा शब्द त्याच्या घरात रोजचा होता. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, हे सगळं त्या पोरांना सहावीच्या आधीपासून येत होतं. अंश आणि छेद हे शब्द आले आणि घरातलं ज्ञान दाराबाहेर थांबलं. आत घ्यायला मी दार उघडलं नव्हतं.

त्यानंतर मी फळ्यावर त्यांचंच जुनं उत्तर लिहिलं, दोन-षष्ठांश. म्हटलं, सहा सारख्या भागांतले दोन म्हणजे तीन भागांतला एक. शेराचा तिसरा हिस्सा. तो मापट्यापेक्षा जास्त की कमी? ‘कमी.’ मग मापट्यात अजून चिपटंभर तांदूळ घातले आणि तांदूळ कमी झाले काय? वर्गात एकदम गलका झाला. ज्यांनी तसं लिहिलं होतं तीच पोरं सगळ्यात मोठ्यानं ‘न्हाई न्हाई’ म्हणत होती. मग छेद सारखा का करायचा हे सांगायला फक्त एक प्रश्न लागला: मापट्यात चिपटी किती? दोन. म्हणजे दोन चिपटी आणि एक चिपटं, तीन चिपटी. दोन-चतुर्थांश अधिक एक-चतुर्थांश. रीत तीच होती जी मी तीन दिवस घसा कोरडा करून सांगत होते.

त्या संध्याकाळी बाईंनी वहीत टिंबं काढली नव्हती. त्या स्वतःच तांदूळ ओतायला पुढं आल्या होत्या.

साधनांबद्दल तुम्ही विचारालच म्हणून सांगते. गणपत गल्ली, खडेबाजार या बाजूला स्टेशनरीच्या दुकानांत बी.एड.चं सगळं मिळतं: रोल-अप बोर्ड म्हणजे गुंडाळायचा फळा, तक्ते, फ्लॅश कार्ड, टाचण वह्या. रोल-अप बोर्ड घ्या, चांगल्या कापडाचा घ्या. माझा स्वस्तातला पावसात भिजून घडीवर फुटला. तयार तक्ते घेऊ नका. एकाच रंगीत तक्त्यावर वर्षानुवर्षं सगळ्या मुली तोच पाठ देतात. कोरे कार्डशीट, एक चांगली कात्री आणि रंगीत खडूंचा डबा एवढ्यावर माझे १६ आठवडे गेले. बाकी साधनं पोरांच्या घरात असतात. खानापूरची माती मडक्यांसाठी किती नावाजलेली आहे. विज्ञानात बाष्पीभवन शिकवताना मी तिथलंच मडकं नेलं आणि त्याच्या ओल्या पाठीवर पोरांना हात लावायला दिला. त्या पाठाला तक्ता लागलाच नाही.

रोजनिशी लिहायला लावतात, ती मनापासून लिहा. कॉलेजात तिची पानं मोजतात, वाचत नाहीत, तरी लिहा. माझी पहिल्या आठवड्यातली पानं आता वाचली की दिसतं, प्रत्येक पानावर ‘पाठ समाधानकारक झाला’. दहाव्या आठवड्यातल्या एका पानावर फक्त एवढंच आहे: ‘तिसऱ्या बाकावरची मुलगी शून्याला भागायला गेली. का, ते उद्या तिलाच विचारायचं.’ आधी मी स्वतःकडे बघून लिहीत होते. नंतर पोरांकडे बघायला लागले.

कन्नडबद्दल मोकळेपणानं लिहिते. शाळा मराठी असली तरी परिपत्रकं कन्नडमधून येतात, बैठका कन्नडमधून होतात, ऑनलाइन माहिती भरायची तीही कन्नडमधून. मला बोलता येत होतं, वाचताना अडखळायला व्हायचं. शाळेतल्या कन्नड शिकवणाऱ्या सरांकडे मी रोज मधल्या सुट्टीत एक परिपत्रक घेऊन बसायचे. १६ आठवड्यांत मला ते स्वतःचं स्वतः वाचता यायला लागलं. मराठी शाळेत मराठी नीट शिकवायचं असेल, पोरांच्या हक्काचं पुस्तक, गणवेश वेळेवर मागून घ्यायचा असेल, तर आपल्याला कन्नड वाचता-लिहिता आलंच पाहिजे. कुठलंच कॉलेज याची वेगळी तयारी करून घेताना मला दिसलं नाही. तुम्ही स्वतः करा.

नोकरीचं थोडक्यात. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर द्यायचा, १५० पैकी सर्वसाधारण गटाला ९० मार्क लागतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिलाय की पहिली ते पाचवीला बी.एड. ही पात्रता चालत नाही, तिथं डी.एल.एड.सारखी प्राथमिक शिक्षणाची पात्रता लागते. लहान वर्गांची आवड असेल तर बी.एड.ला पैसे घालू नका. माझ्या ओळखीतल्या दोघींना हे प्रवेश घेतल्यावर कळलं. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांचं एकत्रित बी.एड. हीच किमान पात्रता करायचं म्हटलंय, त्यामुळे आत्ता बारावीत असलेल्या बहिणींनी तोही रस्ता बघून ठेवा.

मार्क द्यायचे तर कॉलेजला पाचपैकी तीन. सूक्ष्म अध्यापनाचे आणि फळ्याचे दिले, निरीक्षणाचे आणि टाचणांच्या मोजणीचे कापले. शाळेच्या १६ आठवड्यांना पाचपैकी पाच. पण ते पाच त्या बाईंचे आहेत. माझ्याच बॅचमधल्या एका मैत्रिणीच्या शाळेत मार्गदर्शक शिक्षक तिला वर्ग सोपवून ऑफिसात बसायचे आणि आठवड्याच्या शेवटी सगळ्या सह्या एकदम करायचे. तिचेही १६ आठवडेच झाले. तिच्या प्रमाणपत्रावर आणि माझ्या प्रमाणपत्रावर एकच मजकूर आहे.

माझा शेवटचा पाठ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाला. दसऱ्याची सुट्टी मध्ये गेल्यामुळे तेवढं लांबलं. भाताची सुगी चालू होती, वर्गात पोरं कमी होती. बाईंनी परत नकाशा काढला होता. टिंबं सगळ्या बाकांवर पसरलेली होती, कडेच्या रांगेत ‘उत्तर बाईंनीच दिलं – १’. खिडकीजवळचा एक गोल रिकामा होता. त्यात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘भात मळायला गेलाय. उद्या विचार.’

दुसऱ्या दिवशी माझी हजेरी नव्हती. तरी मी सकाळची बस धरून गेले आणि त्याला विचारलं.